आत्याचं पांढरं फडकं

खरं तर ती आत्या एकट्या मेकॅनिकची. तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा तो. हँगरमधून तेलकट हात पुसत दिवसातून दहा वेळा कॅन्टीनच्या खिडकीशी यायचा आणि "आत्या, चहा" म्हणायचा. त्याचं ऐकून विमान शिकवणारे म्हणायला लागले, त्यांचं ऐकून शिकणारे, आणि बघता बघता ती सगळ्या विमानतळाची आत्या झाली. तिने कुणाला नको म्हटलं नाही. फक्त एक अट घातली. आत्या म्हणायचं असेल तर रिकामा कप आपल्या हाताने आणून द्यायचा. टेबलावर टाकून जायची हौस असेल त्याने मोठ्या विमानतळावर जावं, तिथे नोकर आहेत.

विमानतळ म्हणजे तरी केवढा! एक धावपट्टी, दोन हँगर, विमानं शिकवायच्या शाळेचं बसकं ऑफिस, वारा कुठून येतोय ते दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी, आणि ज्या टोकाला विमानं उतरत त्या टोकाला आत्याचं कॅन्टीन. चार टेबलं, एक शेगडी, ऑम्लेट-पाव आणि चहा. टॉवर नव्हता. उंचावर बसून "ये, उतर" म्हणणारा कुणी साहेब नव्हता. जो तो रेडिओवर आपण येतोय म्हणून सांगायचा आणि आपल्या जबाबदारीवर उतरायचा.

आत्या शाळा जेमतेम चार इयत्ता शिकलेली, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा एका बड्या माणसाने स्वतःचं विमान कॅन्टीनसमोर आणून उभं केलं आणि पंख्याच्या वाऱ्याने तिच्या कपबशांत धूळ गेली. आत्या त्याच्या विमानाशी चालत गेली, आणि त्याच्या देखत धुळीचा चहा त्याच्या पांढऱ्या पंखावर ओतून आली. तो बडा माणूस पुढे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक झाला.

फडक्याची गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. त्या दिवशी आत्या दारात उभी राहून कप पुसत होती. समोरून एक विमान उतरायला आलं आणि तिला दिसलं की त्याला चाकंच नाहीत. शाळेची बाकीची विमानं साधी, त्यांची चाकं कायम खाली. पण काही विमानं चाकं पोटात ओढून घेतात, उडताना बरं पडावं म्हणून. उतरताना ती आठवणीने खाली सोडावी लागतात. आत्याला दिसलं, आणि तिच्या मनात आलं की आपण काय बोलणार, वर बसलेला शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल. त्याला कळलं नव्हतं. विमान पोटावर घसरत तिच्या दारासमोरून गेलं, तो आवाज तिच्या दातांत बसला. माणसं वाचली. पण आत्या आठवडाभर जेवली नाही धड. शिकलेल्याला कळतं हा तिचा समज त्या दिवशी मोडला तो कायमचा.

त्यानंतर विमान उतरायला आलं की ती दारात यायची. चाकं मोजायची. तीन दिसली की हातातलं पांढरं फडकं डोक्यावर धरून हलवायची. दिसली नाहीत तर टेबलावरचा लाल चौकड्यांचा कपडा ओढायची, वरचे कप फुटले तरी बेहत्तर. सगळे हसले. पण दुसऱ्याच वर्षी लाल कपडा बघून एक विमान जमिनीपासून दोन पुरुष उंचीवरून परत वर उचललं गेलं, आणि तो पायलट उतरल्यावर कॅन्टीनमध्ये आला आणि फुटलेल्या कपांचे तुकडे स्वतः वेचत बसला. तेव्हापासून कुणी हसलं नाही. उतरताना सगळे एक नजर कॅन्टीनकडे टाकायला लागले. विमानात आत बोर्डावर तीन हिरवे दिवे असतात, चाकं नीट खाली बसली की ते लागतात. ते बघायचे असा नियम. पण दिवे काय, दिवे खोटं बोलू शकतात, आत्या नाही, असं पोरं म्हणायची. आणि आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण त्या दिवशी ऑम्लेटमध्ये कांदा जास्त पडायचा.

तिचा मुलगा याच कॅन्टीनच्या काउंटरखाली रांगला. विमानं धुता धुता उडवायला शिकला, उडवता उडवता शिकवायला लागला. सगळे त्याला मास्तर म्हणत. चाळिशी आली तरी आईपुढे आवाज चढवायचा नाही. नवीन शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी तो धावपट्टी दाखवायचा, मग दिवे दाखवायचा, मग हळूच म्हणायचा की शेवटी आमच्या आईकडे बघायचं. त्याची बायको शाळेच्या ऑफिसात कागद टाइप करायची. सासू-सुनेचं सख्य म्हणावं तर नाही, वैर म्हणावं तर तेही नाही. एकमेकींना चहा द्यायच्या आणि त्यात साखर किती हे बोलून दाखवायच्या.

आता ज्या माणसापायी ही गोष्ट सांगायची तो दातांचा डॉक्टर. पन्नाशीत त्याला विमान शिकायची हुक्की आली. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळलो, आता ढगांच्या तोंडात बघतो, म्हणायचा. आत्याची एक दाढ त्यानेच काढली होती. दाढ काढताना तो तिच्यावर वाकला, आणि दिव्याच्या उजेडात त्याला तिच्या डोळ्यात सायीसारखं काही दिसलं. त्याने सांगितलं, आत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय, दाखवून घ्या, आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे. आत्याच्या तोंडात कापूस होता तरी ती बोलायची राहिली नाही. दातांचे पैसे घेतोस, डोळ्यांत नाक खुपसू नकोस, असं तिने त्याला सुनावलं. तो हसला आणि त्याने विषय सोडला.

आत्याने सोडला नाही. तिला ठाऊकच होतं. वर्ष होऊन गेलं होतं, तिला विमान म्हणजे एक पांढुरका ठिपका दिसायचा, आणि चाकं म्हणजे त्याच्या खालचा अंधार. पण डोळे गेले म्हणून दारातून उठायचं, फडकं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे तिच्या जिवावर आलं. मग तिने कान लावले. शाळेची चार साधी विमानं, त्यांची घरघर वेगळी. चाकं ओढून घेणारं एकच, त्याचा आवाज जाड, आणि पोटातून चाकं सोडताना तो आवाज जरा दबायचा. आत्याला ते इतकं पक्कं कळायला लागलं की डोळे मिटूनही तिचं चुकलं नसतं. साधं आलं की पांढरं हलवायचं, जाड आवाजाचं आलं की कान देऊन थांबायचं, दबला की हलवायचं. वर्षभरात एकदाही चूक नाही. घरात कुणाला पत्ता नाही. मेकॅनिक भाच्याला थोडा संशय होता, पण आत्याला विचारायचं म्हणजे वाघिणीचे दात मोजायचे.

त्या सकाळी मास्तर दातांच्या डॉक्टरला घेऊन चाकं ओढून घेणाऱ्या विमानातून वर गेला. इंजिन वरती बंद पडलं तर कसं उतरायचं, तो धडा होता. इंजिन खरं बंद करत नाहीत. त्याचा जोर काढून घेतात आणि विमान नुसतं तरंगत खाली आणतात. त्या धड्यात चाकं शेवटी सोडायची असतात, धावपट्टी गाठेल याची खात्री झाल्यावर. आणि चाकं वर असताना जोर काढला की इशाऱ्याचा भोंगा वाजायला लागतो, सारखा वाजतो, चाकं सोडेपर्यंत. शिकवणाऱ्याचे कान त्या भोंग्याला सरावतात, जसे घरातल्या घड्याळाला.

विमान आलं. जोर काढलेला, म्हणून आवाज नाही. आत्या दारात आली. तिला ठिपका दिसला, ठिपक्याखाली अंधार दिसला, जाड आवाज आलाच नाही. त्या वेळेला साधं विमान परत यायचं होतं, ते रोजच यायचं. साधंच असणार. तिने फडकं डोक्यावर धरलं आणि हलवलं.

पुढचं तिने पाहिलं नाही, ऐकलं. पंखा धावपट्टीवर आपटला. डॉक्टर घाबरला, त्याने दांडा पोटाशी ओढला, विमान उडी मारून वर गेलं आणि घराच्या उंचीवरून पोटावर पडलं. मग तो जुना आवाज, दातांत बसलेला, लांबपर्यंत. मग काहीच नाही. आत्याच्या हातात फडकं तसंच वर होतं. भाचा धावत जाताना तिच्या समोरून गेला, थांबला नाही, पण त्याने वर फडक्याकडे बघितलं.

मास्तरचा जबडा मोडला, उजवं मनगट मोडलं. जबडा तारांनी बांधला, सहा आठवडे बोलायचं नाही. डॉक्टरचा कणा मोडला. कमरेखाली त्याला काही कळेना.

चौथ्या दिवशी तपासणी अधिकारी आला. सभ्य माणूस. कप आणून देणारा. त्याने मास्तरला इस्पितळात पाटी दिली, विचारलं, काय झालं. मास्तरने डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत दोन शब्द लिहिले, मी विसरलो. अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं, दिवे बघितले का, भोंगा वाजला का, कशाने लक्ष गेलं का. मास्तरने बोट पाटीवर टेकवलं, तेच. विसरलो. हे सगळं सुनेने घरी सांगितलं, भाजी निवडत, सासूकडे न बघता.

संध्याकाळी भाचा कॅन्टीनमध्ये आला. चहा मागितला नाही.

"आत्या, तू पांढरं हलवलंस," तो म्हणाला.

आत्या शेगडी पुसत राहिली.

"मास्तरने तुझं नाव घेतलेलं नाही. तूही घेऊ नकोस. मीही काही बघितलेलं नाही. एवढंच सांगायला आलो."

तो गेला आणि आत्याच्या डोक्यात सणक गेली. पोरगं आपल्याला झाकतंय. ज्याचं ढुंगण आपण धुतलं तो आपल्यावर पांघरूण घालणार, आणि भाचा येऊन आपल्याला तोंड बंद ठेवायला शिकवणार. आयुष्यात तिने कुणाची भीक घेतली नव्हती, ती पोटच्या पोराची घेणार होती का. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी ती आधी डॉक्टरकडे गेली. त्याच्या पलंगाशी उभी राहिली. चेहरा नीट दिसेना म्हणून वाकली, तर तो हसला आणि म्हणाला, आता तुम्ही माझे दात बघताय होय. आत्याला हसू आलं नाही. तिने सरळ विचारलं, फडकं बघितलं होतंस का. 

"मास्तर दिव्यांकडे बघायला वळत होते," तो म्हणाला. "मीच म्हटलं, आत्यांनी पांढरं दाखवलं. मग ते वळले नाहीत." मग म्हणाला, "मला माहीत होतं आत्या, तुमच्या डोळ्यांचं. मला माहीत होतं आणि तरी मी बघितलं."

त्याने एवढंच मागितलं की मास्तरांना परत उडू दे. आपलं काय ते आपण बघू. आत्या तिथून निघाली ती थेट शाळेच्या ऑफिसात. अधिकारी टेबलावर कागद पसरून बसला होता. तिने खुर्ची ओढली, न विचारता बसली.

"लिहून घ्या साहेब. चूक माझ्या पोराची नाही. माझी आहे."

अधिकाऱ्याने आधी समजुतीने घेतलं, आई आहात, होतं असं, म्हणाला. आत्या खवळली. तिने फडकं टेबलावर ठेवलं आणि अठरा वर्षांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिलं विमान, लाल कपडा, वाचलेला पायलट. अधिकाऱ्याने पेन उचललं. तो विचारायला लागला आणि आत्याला बरं वाटायला लागलं, की कुणीतरी लिहितंय. सगळेच बघायचे का? सगळेच. दिव्यांच्या आधी की नंतर? आधी, दिवे कोण बघतो, आत्याने पाहिलं म्हणजे झालं. शिकणाऱ्यांना हे कोण सांगायचं? आत्याची मान ताठ झाली. माझा मुलगाच सांगायचा, पहिल्या दिवशी, प्रत्येकाला. इथे असा एक पायलट तयार झाला नाही ज्याला माझ्या पोराने माझं फडकं दाखवलं नाही. मग तिने डोळ्यांचं सांगितलं, ठिपका, अंधार, जाड आवाज. काही म्हणजे काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर तिला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. आता द्या शिक्षा काय ती, म्हणाली.

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. शिक्षा तुम्हाला कशी देणार, तो म्हणाला, तुम्ही आमच्या कुठल्याच कागदात नाही. फडकं कुठल्या नियमात नाही. तुम्ही चहा करता.

"मग पोराला सोडा."

अधिकाऱ्याने लिहिलेले कागद एकावर एक सारखे केले. 

"बाई, विसरतात माणसं. विसरणाऱ्याला आम्ही सहा महिने बसवतो, परत परीक्षा घेतो, परत उडू देतो. तुमचा मुलगा ते जाणून होता. पण तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते विसरणं नाही. हा माणूस अठरा वर्षं लोकांना दिवे सोडून कॅन्टीनकडे बघायला शिकवत होता. त्याला परत कुणाच्या शेजारी बसवणार कसं?"

आत्याला पहिल्यांदा कळेना की काय झालं. मग कळलं. पोरगं तिला झाकत नव्हतं. म्हणजे तिलाही झाकत होतं, पण स्वतःला वाचवायची एकच वाट होती तीवरून ते सावकाश चालत होतं, तोंड बांधून घेऊन, आणि तिने जाऊन ती वाट खणून टाकली होती. स्वतःच्या हाताने, मान ताठ ठेवून.

तिने कागद मागितला. फाडा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणापुढे पदर पसरला. म्हातारी आहे, बरळले, पोराच्या मायेने खोटं बोलले म्हणाली. अधिकारी उठला, त्याने तिला पाणी आणून दिलं. कप तिच्या हातात दिला.

"आता मी ऐकलंय," एवढंच तो म्हणाला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ते सुनेच्याच टेबलावर आलं, तिनेच उघडलं. घरी येऊन तिने ते वाचून दाखवलं, सरकारी भाषेतलं जड जड सगळं, एकही शब्द न गाळता, कारण सासूला वाचून दाखवायचं तर पूर्ण वाचायचं अशी तिची रीत होती. मास्तरचा परवाना कायमचा रद्द. शाळेतल्या सगळ्या शिकवणाऱ्यांची फेरपरीक्षा, तोवर शिकवणं बंद. वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी घातली आणि ती आत निघून गेली. ती सासूला एक शब्द वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. आत्या वाट बघत बसली. 

मास्तरच्या तारा निघाल्या होत्या. जबडा अजून आवळून बोलायचा.

"आई, मी विसरलोच होतो," तो म्हणाला. "तेवढं खरं होतं. तेवढंच पुरलं असतं."

"मला वाटलं—" आत्या म्हणाली. 

"माहितीये," तो म्हणाला.

शाळा काही परत उघडली नाही. फेरपरीक्षेला दोघे गेले, ते दुसरीकडेच लागले. साधी चार विमानं एकेक करून विकली गेली. डॉक्टर त्याच्या बहिणीकडे राहायला गेला, लांब. दवाखाना बंद केला. त्याने आत्याला निरोप पाठवला होता, डोळे करून घ्या म्हणून. सुनेने तिला नेलं, दोन्ही डोळे झाले, अर्ध्या तासाचं काम खरंच अर्ध्या तासाचं निघालं. पट्टी काढल्यावर आत्या कॅन्टीनच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिला धावपट्टीवरचा तो ओरखडा दिसला, शेवटपर्यंत गेलेला. रोज त्याच्याकडे तोंड करून बसत होती, आणि दिसला आज.

कॅन्टीन चालू आहे. बाहेरगावची विमानं कधीमधी पेट्रोल घ्यायला उतरतात, त्यांना चहा लागतो. मास्तर आता तिथेच असतो. मनगट पुरतं वळत नाही, म्हणून ट्रे डाव्या हाताने धरतो. भाचा दुसऱ्या गावी कामाला लागलाय. त्यामुळे आत्या म्हणणारं आता कुणी नाही. येणारे मावशी म्हणतात, बाई म्हणतात, कप टेबलावर टाकून जातात. ती उठते आणि ते उचलते.

परवा दुपारी एक विमान आलं, जाड आवाजाचं. आत्या सवयीने दारात गेली. आभाळ स्वच्छ, तिची नजरही. तिला चाकं दिसली, एक, दोन, तीन, टायरवरच्या रेघासुद्धा दिसल्या. फडकं तिच्या हातात होतं. हात वर जायला निघाला आणि छातीशी येऊन थांबला. विमानातल्या माणसाला तिची ओळखसुद्धा नव्हती.

मास्तर तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने वर बघितलं नाही. तिच्या हातातलं फडकं त्याने हळूच सोडवून घेतलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला, आणि कुणीतरी सांडलेला चहा पुसायला लागला.